श्वसन-नियामकाचा इतिहास आणि सातारा-सांगलीच्या पाण्यासाठी पहिल्या संचाची निवड

प्रस्तावना

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बऱ्याच अंशी एकाच जिल्ह्याचे भाग होते. त्या वर्षी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाला समुद्रकिनारा नाही, तथापि पाण्याचा तुटवडाही सर्वत्र नाही. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, माहुली, कराड, औदुंबर, भिलवडी असा प्रवास करीत सांगलीस येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा. कोयनेवरील शिवसागर जलाशय, धोमसारखी धरणे, असंख्य विहिरी आणि नदीपात्रातील डोह हे सारे पाहता पाण्याखाली उतरण्याचा प्रश्न येथे केवळ हौसेचा राहत नाही. पोहायला गेलेला मुलगा वर न येणे, महापुरात नाव उलटणे, विहिरीत पडलेल्या माणसाचा शोध घ्यावा लागणे या घटना येथील वृत्तपत्रांना नवीन नाहीत. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी त्याची वारंवार आठवण करून दिली आहे.

स्कूबा म्हटले की आपल्या मनात मालवण, तारकर्ली किंवा गोवा येतो. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने, जलतरण संघाने किंवा बचाव-पथकाने पाण्याखालच्या प्रशिक्षणाचा विचार केला, की पहिला प्रश्न 'रेग्युलेटर कोणता घ्यावा' असा येतो आणि त्याचे उत्तर बहुधा किनाऱ्यावरच्या अनुभवावरून किंवा विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून दिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, या उपकरणाचा इतिहास मुख्यतः समुद्राचा नाही. खाण, बोगदा, आग आणि नदी या ठिकाणच्या गरजांतून ते घडले. म्हणून समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या प्रदेशाने आपल्याच पाण्याचे स्वरूप पाहून निवड करणे इतिहासाला धरून होईल. येथे 'श्वसन-नियामक' आणि 'रेग्युलेटर' हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

रोखलेल्या श्वासाची परंपरा

सातारा तालुक्यातील लिंब येथील बारा मोटेची विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधली गेली असे मानले जाते. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही विहीर स्थापत्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. तिच्याइतक्या देखण्या नसल्या तरी पायऱ्यांच्या आणि मोटेच्या विहिरी या भागात गावोगाव होत्या, आणि पोहण्याची शाळा तीच होती. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून मूल पाण्यात सोडायचे, काही दिवसांनी ते काढून घ्यायचे, आणि पुढे काठावरून सूर मारून तळाचा गाळ मुठीत आणून दाखवला की मुलगा पट्टीचा पोहणारा ठरायचा. नदीच्या डोहाबाबतही हेच होते. डोहात कोणी बुडाला की त्याचे कारण साती आसरांच्या कोपात शोधले जाई. आणि त्याचे शव वर काढण्यासाठी जो उतरे, तो छाती भरून घेतलेल्या एका श्वासावरच उतरे.

या परंपरेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु तिच्यात एक नियम अंगवळणी पडलेला असतो : पाण्याखाली श्वास सोडायचा नाही. एका श्वासावर बुडी मारणाऱ्यासाठी तो नियम पूर्णतः योग्य आहे. समजा, त्याच्या छातीत ६ लिटर हवा आहे. १० मीटर खोलीवर दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि तीच हवा सुमारे ३ लिटरांत आकुंचन पावते. वर येताना ती पुन्हा ६ लिटर होते, त्याहून अधिक होत नाही. आता हाच माणूस १० मीटरांवर रेग्युलेटरमधून छाती भरून श्वास घेतो असे मानू. त्याला तेथे मिळालेली ६ लिटर हवा दुप्पट दाबाची आहे. सवयीप्रमाणे श्वास रोखून तो वर आला तर ती १२ लिटर होऊ पाहते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. ते फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. अगदी दीड-दोन मीटरांवरून आलेल्यांनाही अशी इजा झालेली आहे.

म्हणून गावातला सर्वांत तरबेज पोहणारा हाच रेग्युलेटर हाती आल्यावर सर्वांत अधिक धोक्यात असतो, कारण संकटाच्या क्षणी त्याचे शरीर जुनाच नियम पाळते. उपकरणाच्या निवडीआधी हे लक्षात घेतले नाही तर पुढील सर्व चर्चा व्यर्थ आहे. अधिकृत प्रशिक्षकाकडून शिक्षण पूर्ण होईपर्यंत, विहीर कितीही ओळखीची असो, संच घेऊन तिच्यात उतरू नये.

खाण, बोगदा आणि आग

पाण्यात लपून वेळूच्या नळीतून श्वास घेणाऱ्या वीरांच्या कथा अनेक देशांत आहेत. आपल्याकडे महाभारतातील दुर्योधन द्वैपायन ह्रदात जलस्तंभनाच्या विद्येने राहिला. विद्येचा प्रश्न सोडून देऊ. परंतु नळीचा उपाय केवळ पृष्ठभागालगतच चालतो. १ मीटर खोलीवर पाणी छातीवर वातावरणाच्या दशांशाइतका जादा दाब देते, आणि वरची साधी हवा आत ओढून घेण्यास श्वसनाचे स्नायू तेथेच थकू लागतात. याचा अर्थ असा की, पाण्याखालच्या माणसाला नुसती हवा पुरवून भागत नाही, ती त्या खोलीच्या दाबाची असावी लागते. हवेचा दाब आणि आकारमान यांचा संबंध रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडला होता. मात्र त्याचे व्यवहारात रूपांतर होण्यास दोन शतके लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑगस्टस सीबेच्या पोशाखासारख्या साधनांत वरून पंपाने सतत हवा सोडली जाई. पाणबुड्याने ती घेतली काय किंवा न घेतली काय, प्रवाह चालूच असे. मागणीनुसार, म्हणजे श्वास आत ओढला तेवढ्यापुरतीच हवा देणारे परिणामकारक यंत्र आले ते फ्रान्सच्या अंतर्भागातून. अव्हेराँ प्रांतातील एस्पालियाँ हे गाव लो नदीकाठी, समुद्रापासून बरेच दूर आहे. तेथे जन्मलेला बेनुआ रुकेरोल हा खाण-अभियंता होता. धुराने किंवा विषारी वायूने भरलेल्या खाणीत अडकलेल्यांपर्यंत पोहोचता यावे, ही त्याची गरज. १८६० मध्ये त्याने आपल्या नियामकाचे एकस्व घेतले. त्याच परिसरातील नौदल अधिकारी ओग्युस्त दनेरूझ याच्या साहाय्याने १८६४ च्या सुमारास ते पाण्याखाली वापरण्याजोगे झाले. पाठीवर दाबाखालील हवेची लोखंडी टाकी, तिच्यावर एक लवचीक पडदा, आणि पडदा आत ओढला गेला की उघडणारी झडप अशी ती रचना होती. आजच्या रेग्युलेटरचे तत्त्व याहून वेगळे नाही. त्या काळी पोलादाच्या टाकीत पुरेशी हवा साठविणे शक्य नसल्याने ती टाकी बहुतेक वेळा नळीने वरच्या पंपाला जोडलेली असे. ज्यूल व्हर्नने १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सागरी कादंबरीत या यंत्राचा नावासह उल्लेख केला आणि नळी तोडून टाकण्याचे काम कल्पनेने करून टाकले. भा. रा. भागवतांमुळे व्हर्नशी परिचय झालेल्या मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना कॅप्टन नेमो ठाऊक आहे; त्याच्या पाठीवरची टाकी मूळची खाणकामगारांसाठी होती हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील. हेन्री फ्ल्यूसने १८७८-७९ मध्ये शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून घेणारे यंत्र तयार केले. सेव्हर्न नदीमुखाखालील रेल्वे-बोगद्यात पाणी शिरल्यावर १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या हेच यंत्र घेऊन अंधाऱ्या बोगद्यात शिरला आणि आतील लोखंडी दरवाजा बंद करून आला. वरून येणारी लांब नळी ओढत तेथवर जाणे अशक्य ठरले होते. तिसरे उदाहरण फ्रान्समधील जॉर्ज कॉमेन याचे. त्याच्या कुटुंबाच्या व्यवसायात अग्निशामकांसाठी श्वसन-साधने बनत, आणि १९३७ च्या सुमारास त्यातूनच त्याचे स्वयंचलित जल-श्वसनयंत्र निघाले. १९४४ मध्ये युद्धात तो मारला गेला, त्यामुळे त्याचे नाव मागे पडले. इव्ह ल प्रियर या नौदल अधिकाऱ्याचे १९२६ चे यंत्र समुद्राकडून आले होते खरे, पण त्यातील झडप हाताने उघडावी लागे आणि हवा वाया जाई. म्हणजे मागणीनुसार हवा देण्याच्या तत्त्वात त्याची भर नव्हती.

१९४३ : कोळशाचा गॅस आणि मार्न नदी

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर नागरिकांना पेट्रोल मिळेनासे झाले. एअर लिक्विद या कंपनीतील अभियंता एमिल गान्यां याने मोटारीच्या इंजिनाला गॅसचा पुरवठा करणारा नियामक बनविला होता. इंजिन जेवढे ओढील तेवढाच वायू त्यातून जाई. १९४२ च्या अखेरीस नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो त्याला भेटला तेव्हा हीच वस्तू माणसासाठी चालेल, हे दोघांच्याही लक्षात आले. इंधनटंचाईचा हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नव्हता. त्याच काळात हिंदुस्थानातही कोळशाच्या गॅसवर मोटारी चालत होत्या, मागे लोंबणाऱ्या धुरकट भट्टीसह. १९४३ हे साताऱ्यात प्रतिसरकारच्या उभारणीचे वर्ष. या योगायोगाला अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. पण एकाच युद्धाची टंचाई कोठे काय घडविते याची नोंद घ्यावीशी वाटते.

जानेवारी १९४३ मध्ये पहिली चाचणी झाली ती पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या थंड पाण्यात. ती फसली. उभे असताना हवा भसाभसा निघून जाई आणि डोके खाली केले की मिळेनाशी होई. कारण साधे होते. हवा सोडणारा पडदा आणि उच्छ्वासाची झडप यांच्या पातळीत काही इंचांचे अंतर होते, आणि तेवढ्या पाण्याच्या दाबानेही संतुलन बिघडत होते. दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी आणताच यंत्र सुरळीत चालले. त्यानंतर उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात बांदोल येथे ते यशस्वीपणे वापरले गेले, आणि जगाच्या स्मरणात समुद्रच राहिला.

या फसलेल्या चाचणीचा पुढच्या रचनेवर मोठा परिणाम झाला. पडदा आणि उच्छ्वासाची झडप एकत्र ठेवायची म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत दोन जाड नळ्या असत : एक हवा आणणारी, दुसरी उच्छ्वास पाठीमागे नेणारी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२ मध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. त्याने यंत्राचे दोन भाग केले. पहिला टप्पा सिलिंडरवर, दुसरा थेट तोंडाशी, आणि मध्ये एकच बारीक नळी. पडदा व झडप दोन्ही तोंडाशी आल्याने पातळीचा प्रश्न उरला नाही. आज दुकानात मिळणारा प्रत्येक सामान्य संच याच कुळातला आहे.

पुढील दोन दशकांत संचाला दोन महत्त्वाच्या गोष्टी जोडल्या गेल्या. पूर्वी सिलिंडरमध्ये किती हवा उरली हे पाण्याखाली कळत नसे. हवा संपत आली की श्वास जड होई, मग पाठीमागची दांडी ओढून राखीव हवा मोकळी करायची. ती दांडी आधीच ओढली गेलेली असली तर काहीच उरत नसे. दाबमापक आल्यावर हा जुगार संपला. दुसरी भर म्हणजे सोबत्यासाठीचा जादा दुसरा टप्पा, ज्याला 'ऑक्टोपस' म्हणतात. राखीव साधनाची ही शिस्त पक्की करण्यात फ्लोरिडातील गोड्या पाण्याच्या झऱ्यांतील गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांचा वाटा मोठा होता. वर छत असलेल्या पाण्यात चूक सुधारायला वर येता येत नाही. पायऱ्यांच्या विहिरीची कमान किंवा डोहातला झाडोरा यांचा विचार करताना समुद्रातल्या मोकळ्या प्रवाळापेक्षा हे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे.

भारतात पाण्याखालील संशोधनाची ओळख प्रामुख्याने समुद्रातून झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात द्वारकेचे सागरी उत्खनन हाती घेतले. पुढे गोव्याजवळील सुंची खडकावरील पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष अभ्यासले. हे कार्य मोलाचे आहेच. मात्र जलाशयांच्या तळाशी गेलेली गावे, नदीघाटांचे बुडालेले पाये, विहिरींच्या तळातील बांधकाम यांकडे या साधनाने पाहण्याची परंपरा आपल्याकडे त्या प्रमाणात रुजली नाही. कृष्णाकाठच्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना येथे काम आहे.

उंचीवरचे पाणी

गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर घराघरांत आहे, म्हणून तुलना सोपी जाईल. तो सिलिंडरचा जादा दाब उतरवून शेगडीला एका ठरावीक दाबाने वायू देतो आणि बर्नर विझेपर्यंत देत राहतो. पाण्याखालचा रेग्युलेटर दोन बाबतींत निराळा असतो. त्याचा पहिला टप्पा सिलिंडरमधील सुमारे २०० बार दाब उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा ९-१० बार अधिक इतका करतो. दुसरा टप्पा तो थेट भोवतालच्या दाबाइतका करतो आणि तोही श्वास आत घेतानाच. खोली बदलली की त्याचा दाब आपोआप बदलतो. (१ बार म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब.)

यंत्र उंचीची दखल आपोआप घेते. माणसाच्या रक्तातील नायट्रोजनाचा हिशेब मात्र माणसालाच करावा लागतो, आणि आपल्या जिल्ह्यांत तो समुद्रासारखा नसतो. जॉन स्कॉट हॉल्डेनने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांपासून पुढचे बहुतेक तक्ते समुद्रसपाटी गृहीत धरतात. साधारण ३०० मीटर उंचीच्या वर त्यांत दुरुस्ती करावी लागते. सांगलीजवळ कृष्णेची पातळी सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. कोयनेचा शिवसागर पूर्ण भरला की त्याची पातळी ६५९ मीटर असते. तेथे हवेचा दाबच ०.९३ बारच्या आसपास. वर येणाऱ्याच्या शरीरातील नायट्रोजन या कमी दाबात अधिक सहज बुडबुडे धरतो. गोड्या पाण्याची घनता कमी असल्याचे हिशेबात धरूनही शिवसागरातील १८ मीटरांची बुडी समुद्रातील सुमारे १९ मीटरांप्रमाणे मोजावी लागते, आणि वर येण्याचा वेगही आणखी सावकाश ठेवावा लागतो. किनाऱ्यावर मिळालेला छापील तक्ता येथे जसाच्या तसा वापरणे चूक आहे. मनगटी संगणक घेतला असेल तर त्याला उंची समजते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे.

कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे, म्हणजे भिंतीलगतची खोली हौशी पाणबुड्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची. याच जलाशयाच्या तळाशी खालच्या बाजूने बोगदा नेऊन १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ रोजी खडकाचा शेवटचा थर स्फोटाने उडविण्यात आला आणि जलाशय रिकामा न करता पाणी बोगद्यात घेण्यात आले. 'लेक टॅपिंग' या नावाने ते प्रयोग महाराष्ट्राला ठाऊक आहेत. धरणाच्या झडपा आणि बोगद्यांच्या तोंडांशी पाण्याची ओढ असते; तेथील काम व्यावसायिक पाणबुड्यांचे आहे. पहिल्या संचाच्या विचारात धरणाची भिंत येता कामा नये, आणि परवानगीविना जलाशयात उतरण्याचा तर प्रश्नच नाही.

पहिला संच

आता मूळ प्रश्न. संच म्हणजे पहिला टप्पा, मुख्य दुसरा टप्पा, ऑक्टोपस, दाबमापक आणि जाकिटात हवा भरणारी नळी. पैकी खरी निवड पहिल्या टप्प्याची असते.

पहिले टप्पे दोन जातींचे : दट्ट्याचे आणि पडद्याचे. साध्या दट्ट्याच्या यंत्रात हलणारे भाग फार थोडे असतात. ते स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपे असते. किनाऱ्यावरच्या अनेक केंद्रांना तेच परवडते, आणि तलावातील शिकवणीसाठी त्यात काही वावगे नाही. अडचण अशी की, त्यात भोवतालचे पाणी स्प्रिंगच्या कप्प्यात शिरते. समुद्रात त्याबरोबर मीठ जाते, ते गोड्या पाण्याने धुऊन निघते. कृष्णेच्या डोहात त्याबरोबर काळ्या मातीचा बारीक गाळ जातो. तो दट्ट्याच्या रबरी कड्याशी बसतो, हळूहळू कडे झिजवितो, आणि धुतल्यावरही पुरता निघत नाही. बंदिस्त पडद्याच्या यंत्रात पाणी आतील भागांपर्यंत पोहोचतच नाही. बाहेरचा पडदा केवळ दाब आत पोहोचवितो. त्याची किंमत अधिक, भाग अधिक आणि दुरुस्तीही अधिक कौशल्याची. थंड पाण्यात यंत्र गोठू नये म्हणून ही बंदिस्ती मुख्यतः प्रचारात आली. आपल्याकडे ती थंडीसाठी लागणार नाही, गाळासाठी लागेल. माझ्या मते सातारा-सांगलीत नदी आणि विहीर डोळ्यांसमोर ठेवून घ्यावयाचा पहिला संच संतुलित, बंदिस्त पडद्याचाच असावा.

'संतुलित' हा शब्द जाहिरातीत फार वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. असंतुलित यंत्रात सिलिंडरचा दाब उतरत जाईल तसा श्वास ओढण्याचा प्रयास बदलतो. संतुलित यंत्रात तो शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो. यात एक खोच आहे. जुन्या पाणबुड्यांना श्वास जड होणे हीच हवा संपत आल्याची सूचना असे. संतुलित यंत्र ती सूचना देत नाही. म्हणून दाबमापक पाहण्याची सवय अधिकच आवश्यक ठरते.

सिलिंडरशी जोडण्याच्या पद्धतीही दोन आहेत. यॉक म्हणजे पकडीसारखी चौकट, आणि डीन म्हणजे आट्यांनी आत बसणारी. किनाऱ्यावरील केंद्रांत यॉक सर्रास आढळते. डोहात बुडालेल्या फांद्या, तुटलेली जाळी, अरुंद जागा असताना आट्यांची जोडणी अधिक घट्ट राहते आणि तिच्यात काही अडकण्याचा संभवही कमी. डीन जोडणीचा संच घेऊन सोबत यॉकचा जोड ठेवला तर तो दोन्हीकडे चालतो. दुसऱ्या टप्प्यावर श्वासाचा जोर कमी-अधिक करणारी खुंटी असली काय, नसली काय, फारसे बिघडत नाही. नवशिक्यास ती नसलेली बरी. ऑक्टोपसवर काटकसर मात्र कोणीही करू नये. त्याचा उपयोग घाबरलेल्या माणसाला होणार असतो आणि त्याला जड श्वास देणारे स्वस्त यंत्र तो तोंडातून टाकून देतो. युरोपीय 'ईएन २५०' या मानकाची खूण संचावर आहे की नाही, हे पाहिले म्हणजे किमान गुणवत्तेची खात्री होते.

महाविद्यालयीन खरेदीत तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दर स्वीकारण्याची रीत आपण सारे जाणतो. खुर्च्यांसाठी ती योग्य असेल. रेग्युलेटरबाबत दरपत्रकात किमान एक अट अवश्य घालावी : या यंत्राचे सुटे भाग आणि प्रशिक्षित दुरुस्तीकार गोवा, मुंबई किंवा पुणे यांपैकी कोठे उपलब्ध आहेत, हे विक्रेत्याने लेखी द्यावे. दरवर्षी तपासणी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत रबरी भागांची अदलाबदल झाली नाही, तर उत्तम संचही डेड स्टॉक रजिस्टरमधील एक ओळ होऊन राहतो; किंवा, त्याहून वाईट, कोणीतरी तो तसाच वापरतो.

महापुराबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर 'आपल्याकडे पाणबुडे हवे होते' असे म्हटले जाते. ते समजण्याजोगे आहे, परंतु वाहत्या पुरात रेग्युलेटर कोणालाही वाचवू शकत नाही. तेथे लागतात ती तरणजाकिटे, दोर, यांत्रिक नावा आणि नावेची क्षमता पाळण्याची शिस्त. पुराचे पाणी सांडपाण्याने व रसायनांनी दूषित असते, आणि साध्या दुसऱ्या टप्प्यातून त्याचे थेंब तोंडात जातातच. त्यासाठी संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा व बंद पोशाख असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासारखी प्रशिक्षित पथके आहेत. या दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळच असते. महाविद्यालयाचा पहिला संच पुरात नेऊ नये. पूर नसतानाही औदुंबर-भिलवडी परिसरातील कृष्णेत मगरींचा वावर आहे, हे उत्साही तरुणांना सांगावे लागते.

हवा आणि घाट

संच घेतल्यावर हवा कोठून आणायची हा प्रश्न उरतो. मिरज रुग्णालयांचे शहर असल्याने तेथे ऑक्सिजनचे सिलिंडर सहज दिसतात, आणि 'श्वासासाठी ऑक्सिजन उत्तमच' असा समज सुशिक्षितांतही आहे. पोल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवून दिले की, दाबाखालचा ऑक्सिजन मज्जासंस्थेस विषारी ठरतो. शुद्ध ऑक्सिजन घेऊन अवघ्या ६ मीटरांखाली गेल्यावर झटके येण्याचा धोका निर्माण होतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणे. शिवाय हवेसाठी तयार केलेल्या रेग्युलेटरमधील तेलकट अंश दाबाखालच्या ऑक्सिजनने पेट घेऊ शकतात. सिलिंडरमध्ये साधी, कोरडी, गाळलेली हवाच भरावयाची असते.

तीही कोणत्याही कॉम्प्रेसरमधून नव्हे. किर्लोस्करवाडीच्या परंपरेमुळे पंप आणि यंत्रे यांची जाण या भागात पिढ्यान्पिढ्या आहे, आणि त्यामुळेच 'आपल्याच कारखान्यात भरून घेऊ' हा मोह होतो. कारखान्यातील कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. जमिनीवर नगण्य वाटणारे त्याचे प्रमाण दाबाखाली अनेक पटींनी परिणामकारक होते. श्वसनयोग्य हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर आणि वेळेवर बदललेली गाळणी लागते. सिलिंडरची जलदाब-चाचणी मुदतीत झालेली असावी लागते, आणि त्याबाबतचे नियम नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतात. ही सोय नसेल तर फक्त रेग्युलेटर संच विकत घ्यावा आणि भरलेली सिलिंडरे प्रशिक्षण-केंद्राकडूनच घ्यावीत, हेच शहाणपणाचे. नदीतून परतल्यावर पहिल्या टप्प्याचे टोपण कोरडे करून घट्ट बसवावे, मगच संच स्वच्छ पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा. धुताना दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये. दाबल्यास गाळाचे पाणी नळीतून वर चढते.

शेवटचा मुद्दा प्रवासाचा. आपले बहुतेक विद्यार्थी प्रत्यक्ष समुद्रातील शिक्षण तारकर्लीच्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत किंवा गोव्यात घेणार. तेथून परतीची वाट घाटातून आहे. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच, गगनबावडाही तेवढाच. सकाळी दोन बुड्या मारून दुपारच्या गाडीने घाट चढणे म्हणजे रक्तातील नायट्रोजन निघून जाण्यापूर्वीच हवेचा दाब कमी करणे होय. विमानप्रवासासाठी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याचा संकेत आहे, आणि तो ६०० मीटरांवरील उंचीच्या हवेच्या दाबापासूनच लागू धरला जातो. सहलीचे वेळापत्रक आखताना शेवटच्या बुडीनंतरचा मुक्काम मालवणातच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा निघावे. एका रात्रीचा तो खर्च अंदाजपत्रकात संचाच्या किमतीबरोबरच धरावा.